नवगावचे दोन उंचवटे

(तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आज ज्या कबरींविषयी बोलायचं आहे, त्यांच्यावर एकही नाव नाही. सालही नाही. अलिबाग तालुक्यात थळ आणि किहीम यांच्यामध्ये नवगाव आहे, समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी ही बेटं. त्या नवगावात बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचं, जुनं दफनस्थान आहे. तिथे मातीचे दोन उंचवटे दाखवतात. एकाखाली पुरुष पुरले आणि दुसऱ्याखाली बायका, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आता तिथे स्मारकही उभं आहे. इस्रायलमधून, मुंबईतून, ठाण्यातून बेने इस्रायल मंडळी येतात, थोडा वेळ उभी राहतात, प्रार्थना म्हणतात. आपल्यापैकी बरेच जण शेजारच्या रस्त्याने आयुष्यभर गेलेले असतील, पण आत पाऊल ठेवलेले थोडेच.

आधी त्यांच्यात सांगितली जाते ती कथा सांगतो. फार फार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून एक जहाज येत होतं. छळाला कंटाळून देश सोडलेली ज्यू माणसं त्यात होती. चौलच्या बंदराकडे येताना वादळ झालं आणि नवगावजवळ खडकांवर जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया पोहत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली. वाचलेल्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने ती पुरली, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. धर्मग्रंथ बुडाले होते, सामान बुडालं होतं. या चौदा जणांपासून पुढे कोकणातला सगळा बेने इस्रायल समाज वाढला.

यातलं जहाज फुटणं मला अगदी पटतं. खांदेरी-उंदेरीच्या आसपासचे खडक आजही मच्छीमारांना माहीत आहेत. खांदेरीवर 1867 मध्ये दीपगृह बांधावं लागलं ते उगाच नव्हे. चौलला येणं-जाणंही तितकंच खरं. ग्रीक-रोमन लेखक या बंदराला सेमुल्ला, सिमुल्ला म्हणतात आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमुलच्या दात्यांची नोंद आहे. तांबड्या समुद्रातून, इराणी आखातातून इथे गलबतं येत होती आणि त्यांतून ज्यू व्यापारी आले असतील, कुटुंबंही आली असतील.

सात आणि सात हा आकडा मात्र मला कथेचा वाटतो, खानेसुमारीचा नाही. याच किनाऱ्यावर चित्पावनांच्या उत्पत्तीचीही कथा आहे. परशुरामाला समुद्राने आणून टाकलेली चौदा प्रेतं सापडली, त्याने ती चितेवर शुद्ध केली आणि त्यांतून माणसं उठवली. दोन समाज, एक किनारा, एकच आकडा. अभ्यासकांनी हे साम्य पूर्वीच नोंदवलं आहे. मला त्यातला फरक जास्त मोलाचा वाटतो. एका कथेत प्रेतांतून समाज उभा राहतो. दुसरीत प्रेतं जमिनीतच राहतात आणि समाज उभा राहतो तो त्यांना पुरणाऱ्यांपासून. कोकणात आल्यावर बेने इस्रायलांच्या पूर्वजांनी केलेलं पहिलं काम कोणतं, तर आपल्या माणसांना माती देणं. त्यांची आठवण तिथून सुरू होते.

आता काळ कोणता? हाईम सॅम्युएल किहीमकर या समाजातल्या शिक्षणप्रसारकाने, ज्यांनी 1875 मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली, आपल्या लोकांचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला मात्र 1937 मध्ये, तेल अवीवला. त्यांच्या मते हे लोक इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास आले. त्यांचा युक्तिवाद असा: राजा अंतियोखसच्या छळानंतर जेरुसलेमचं मंदिर परत मिळालं, त्याचा हनुक्का हा सण जगभरचे ज्यू पाळतात, पण कोकणातल्या बेने इस्रायलांना तो माहीतच नव्हता. अर्थात ते त्याच्या आधीच निघाले असले पाहिजेत. युक्तिवाद हुशारीचा आहे, पण ज्यांच्याजवळ एकही पोथी उरली नाही त्यांच्याकडून एखादा सण विसरलाही जाईल, एवढी शक्यता त्यात धरलेली नाही. दुसरे कोणी पहिलं शतक सांगतात, कोणी सहावं.

2016 मध्ये या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी असलेलं नातं स्पष्ट दिसलं आणि इथल्या स्थानिक लोकांशी असलेलंही. हा मिलाफ साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे सुमारे 650 ते 1050 वर्षांपूर्वीचा, असा त्यांचा अंदाज आहे. त्यावरून लोक त्याच वेळी आले असं सिद्ध होत नाही, इथल्या लोकांशी सोयरिकी कधी झाल्या त्याचा तो अदमास आहे. माझं मत विचाराल तर माणसं एकदाच आली नसावीत. वेगवेगळ्या शतकांत वेगवेगळ्या गलबतांनी आली असतील आणि लोकांच्या आठवणीने त्या सगळ्यांची एकच गोष्ट केली असेल.

लेखी पुरावा खूप उशिराचा आहे. 1738 मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात यांचा उल्लेख येतो. 1768 मध्ये कोचीनचे ज्यू व्यापारी एझेकिएल राहाबी आम्सटरडॅमला पत्र लिहितात, त्यात मराठी मुलखात पसरलेल्या, तेल काढणाऱ्या, काही फौजेत असलेल्या आणि शमा एवढीच प्रार्थना येणाऱ्या या लोकांची हकीकत आहे. ‘शमा इस्रायल’, म्हणजे ‘हे इस्रायला, ऐक’. पोथ्या बुडाल्या तरी एवढी एक ओळ तोंडात राहिली. जन्म असो, सुंता असो, लग्न असो की मरण, ते हीच ओळ म्हणत. नवगावला माती दिली गेली तेव्हा काही म्हटलं गेलं असेल तर तेही बहुधा हेच.

हे लोक गावोगाव पांगले आणि तेलाचा घाणा चालवू लागले. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी संध्याकाळपर्यंत घाणा बंद, बैल सोडलेले. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली. गावाला यात विचित्र काही वाटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक जातीचा एक वार, एक रीत, एक देव असतोच, तसा यांचा शनिवार. जगाच्या पाठीवर ज्यूंचा छळ झाला नाही अशा जागा थोड्या, आणि त्यांत आपला हा किनारा आहे.

सणांनाही इथलीच नावं मिळाली. ज्यूंच्या नववर्षाला नव्याचा सण, योम किप्पूरच्या उपासाला दारफळणीचा सण, पासओव्हरला अनशी धाकाचा सण, पुरीमला तर होळीचाच सण. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचा शोक ज्या दिवशी जगभरचे ज्यू करतात, तो इथे बिरड्याचा रोजा, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं. मंदिर हजारो मैलांवर पडलं आणि त्याचं दुःख अलिबागेत वालाच्या बिरड्याशी बांधलं गेलं. आमच्या तालुक्यातला कोणीही माणूस हे ऐकून परका राहू शकत नाही.

मग दाविद राहाबीची गोष्ट. परदेशातून आलेल्या या ज्यू माणसाला हे शनिवार पाळणारे लोक ज्यू असावेत असा संशय आला. त्याने बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले, आम्ही हे खात नाही म्हणाल्या. खवले-पर नसलेला मासा ज्यू धर्मात निषिद्ध. परीक्षा झाली ती कोळणीच्या पाटीतल्या माशांवर, आणि ती दिली बायकांनी. पुढे त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तीन तरुणांना धर्माचे विधी शिकवले. तेच पहिले काजी, म्हणजे समाजाची धर्मकृत्यं चालवणारे. समाज त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतो. अनेक अभ्यासकांना तो कोचीनच्या राहाबी घराण्यातला अठराव्या शतकातला माणूस वाटतो.

झिराडकर, राजपूरकर, शापूरकर. इथे थोडं थांबू या, कारण माझ्या विषयाचं मर्म इथे आहे. नवगावच्या कबरींवर नाव नाही. वाचलेल्या चौदा जणांचंही एकही नाव कथेत नाही. मग पहिल्या कुटुंबांचा माग कुठे लागतो? आडनावांत. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर, मापगावचे मापगावकर, घोसाळ्याचे घोसाळकर. अशी शंभराहून अधिक आडनावं आहेत. नकाशा उघडा आणि या गावांवर एकेक खूण करत जा. समुद्रकाठापासून खाड्यांच्या कडेने आत सरकत, कुंडलिका आणि अंबा नद्यांच्या खोऱ्यांत शिरत समाज कसा पसरला ते डोळ्यांसमोर उभं राहतं. प्रत्येक गावात एखाद-दोन घरं, एक घाणा, थोडी शेती. आणि जिथे घर, तिथे कुठेतरी दफनाची जागा हवीच.

नावंही मराठी तोंडात बसली होती. एझेकिएलचा हसाजी, सॅम्युएलचा समाजी, अब्राहामचा आबाजी, आयझॅकचा इसाजी, एलायजाचा एलोजी, मोझेसचा मुसाजी. समाजी हसाजी दिवेकर हे नाव ऐकून कोणाला वाटेल की हा ज्यू माणूस? इंग्रजांच्या फौजेत हा मोठा हुद्देदार होता. म्हैसूरच्या लढाईत तो कैद झाला, सुटून आला आणि 1796 मध्ये मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं सभागृह, म्हणजे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. मशीद बंदरच्या त्या सभागृहाला आपण जुनी मशीद म्हणतो. पुढच्याच वर्षी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला तो कोचीनला गेला आणि तिथेच वारला. दिव्याच्या या माणसाला कोकणची माती मिळाली नाही.

गावातल्या जुन्या दफनभूमींकडे वळू. सगळ्यात जुन्या कबरी कशा? दगडांची रास, किंवा उशाशी उभा केलेला एक अनघड दगड. अक्षर नाही. त्याचं कारण सरळ आहे. हिब्रू येत नव्हतं आणि घाणा चालवणाऱ्या घरात मराठी लिहिणंही फारसं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, कोचीनहून शिक्षक आले, जॉन विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांना धर्मांतरं हवी होती, ती जवळजवळ झाली नाहीत. हिब्रू मात्र शिकून घेतलं. 1842 मध्ये रेवदंड्याला, 1848 मध्ये अलिबागच्या इस्रायल आळीत, 1849 मध्ये पनवेलला, 1863 मध्ये पेणला सभागृहं उभी राहिली. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. अक्षर हाती आलं आणि मग ते दगडावर गेलं. वर हिब्रू, खाली मराठी, पुढे इंग्रजीही. एका दफनभूमीत फिरताना अनघड दगडापासून तीन भाषांच्या संगमरवरापर्यंत चालत जाता येतं आणि या समाजाची दोनशे वर्षं पायाखालून जातात.

दगड वाचणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. हिब्रू सालातून 3760 वजा केले की इसवी सन मिळतं. पण त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून नव्याच्या सणापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मृत्यूला 3761 वजा करायचे. 5661 हे साल म्हणजे सप्टेंबर 1900 ते सप्टेंबर 1901. आकडे बहुतेक वेळा अक्षरांत कोरलेले असतात, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्या आहे. पाच हजार हा आकडा पुष्कळदा गाळतात.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. समाजात गोरे आणि काळे असे दोन गट होते. बाहेरच्या बायकांशी झालेल्या संबंधांतली संतती म्हणून काळ्यांना खालचं धरलं जाई. रोटीव्यवहार नाही, बेटीव्यवहार नाही. विसाव्या शतकात हे गळून पडत गेलं. आपल्या गावगाड्यात राहून जातिभेद त्यांच्यातही शिरला, हे आपण आपल्याकडेच पाहून म्हणावं. मघाच्या जनुकांच्या अभ्यासाने दाखवलं की स्थानिक रक्त सगळ्याच समाजात आहे. नवगावच्या मातीत जे झोपलेत ते बाहेरून आले होते, पण त्यांचे वंशज म्हणून जे वाढले त्यांच्या आज्या-पणज्या इथल्याही आहेत. म्हणून त्या कबरी पाहुण्यांच्या नाहीत. आमच्या आहेत, असं मी म्हणतो ते भावनेच्या भरात म्हणत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईकडे जाणं अठराव्या शतकातच सुरू झालं होतं. गोदी, गिरण्या, रेल्वे, पलटण, शाळा, इस्पितळं, कचेऱ्या, सगळीकडे ही माणसं गेली. शालोम बापूजी वारघरकर जंजिरा संस्थानचे कारभारी झाले. चौलच्या चेऊलकरांतला डेव्हिड अब्राहाम सिनेमात गेला, त्याला आपण नुसतं डेव्हिड म्हणून ओळखतो. स्वातंत्र्याच्या वेळी समाज सुमारे 20,000 होता. 1948 नंतर इस्रायलला जाणं सुरू झालं. तिथेही सोपं नव्हतं. तुम्ही पुरे ज्यू आहात का, असा प्रश्न धर्मपीठाने विचारला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याविरुद्ध सत्याग्रह झाला आणि 1964 मध्ये सर्व बाबतींत समान असल्याचं मान्य झालं. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे आज हजारो घरांत मराठी ऐकू येते. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. भारतात उरले पाच हजारांच्या आत, आणि त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात.

जे गेले ते घर विकून गेले, घाणा मोडून गेले. कबरी नेता येत नाहीत.

ज्यू धर्मात कबर कायमची असते. ती पुन्हा उकरत नाहीत, त्याच जागी दुसरं प्रेत पुरत नाहीत, हाडं हलवत नाहीत. त्यामुळे दफनभूमी वापरात नाही म्हणजे मोकळी झाली, असं होत नाही. शेवटचं कुटुंब गाव सोडून पन्नास वर्षं झाली असली तरी ती जागा भरलेलीच असते. हे आपल्याला चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे देह जाळला, अस्थी सोडल्या की जागेशी संबंध संपतो. गावात कोणी राहत नाही, कुंपण पडलेलं, करवंदीच्या जाळ्या माजलेल्या, आणि आपल्या तालुक्यात जमिनीला आज काय भाव आहे ते मी सांगायला नको. वाईट हेतू नसतानाही अशा वेळी एखादी भिंत चार हात पुढे सरकते. दगड उचलून बांधाला लागतो. पाटीवरची अक्षरं पावसाने झिजतातच, त्यात ही भर.

2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलंच झालं. पण किहीमच्या किंवा झिराडच्या एखाद्या कोपऱ्यातली दहा-वीस दगडांची जागा मुंबईहून राखली जाणार नाही. ती राखतील तर गावातलेच लोक.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. ज्या गावांच्या नावाची ही आडनावं आहेत, त्या प्रत्येक गावात अशी जागा आहे का, होती का, हे विचारा. सातबारावर आणि गावनकाशावर ती कशी लागली आहे ते तलाठ्याकडे पाहा. नोंद नसेल तर ग्रामसभेत विषय घ्या. आत जाताना समाजाच्या विश्वस्तांना विचारून जा. अलिबागच्या सभागृहाकडून रस्ता कळेल. दगडाला तेल लावू नका, खडू घासू नका, तारेच्या ब्रशने तर मुळीच घासू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना तिरप्या प्रकाशात फोटो घ्या, तेव्हा झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. दगड वाचता येत नसला तरी फोटो घ्या. हिब्रू वाचणारे आहेत, ते नंतर वाचतील. अक्षर नसलेल्या दगडाचाही घ्या आणि तो कुठे आहे ते कागदावर काढून ठेवा, कारण सगळ्यात जुने तेच आहेत.

आणि इथे समोर जे सत्तरीच्या पुढचे बसलेत त्यांना वेगळं सांगतो. इस्रायल आळीत कोणाचं घर कुठे होतं, कोणाच्या ओट्यावर तुम्ही खेळलात, दारफळणीच्या दिवशी दारं बंद असत तेव्हा कोणाच्या घरी दूध पोचवायला तुम्ही जात होता, हे तुम्हाला आठवतं. ज्यांची माणसं या मातीत आहेत त्यांची मुलं-नातवंडं दरवर्षी विचारत येतात की आमच्या आजोबांचं गाव हेच ना, घर कोणतं, कबर कुठली. त्यांना उत्तर देऊ शकतील असे लोक आता फार उरले नाहीत. मागच्या टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. घरमालकाचं नाव, आडनाव, घाणा होता का, कुटुंब साधारण कधी गेलं, आणि दफनाची जागा कुठे दाखवत असत, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, वाचनालयातली मुलं लिहून घेतील. आता प्रश्न घेऊ.